पन्नास जणांचा नेवता

श्यामलाल रहांगडालेने दिलेली यादी दुलीचंदने तीनदा वाचली. पहिल्यांदा श्यामलालच्या ओसरीवरच, उभ्याउभ्या, कपाळावरचा चष्मा खाली ओढून. दुसऱ्यांदा हातपंपाजवळ सायकल थांबवून. आणि तिसऱ्यांदा आपल्या दुकानात, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत स्वतःच बसून, कारण गिऱ्हाईक नव्हतं. तिन्ही वेळा नावं पन्नासच भरली आणि तिन्ही वेळा त्यांत दुलीचंदचं नाव नव्हतं.

यादी शाळेच्या वहीतून फाडलेल्या दोन कागदांवर होती. घरचे सहा, वरपक्षाचे वीस, बाहेरगावचे सोयरे दहा आणि बोरटोल्याचे चौदा. लग्न श्यामलालच्या लेकीचं, दिव्याचं, होतं. मुहूर्त संक्रांतीनंतरचा. आणि सरकारचा नवा हुकूम असा, की मांडवात पन्नासाच्या वर एकही डोकं दिसता कामा नये. दोन वर्षांत हा रोग दोनदा येऊन गेला होता. आता तो नवं नाव लावून तिसऱ्यांदा आला होता, ओमिक्रॉन.

दिव्याचं जावळ दुलीचंदच्याच हाताने निघालं होतं. तिच्या बारशाला, तिच्या भावाच्या लग्नाला, तिच्या आजीच्या तेराव्याला साऱ्या गावाला त्यानेच बोलावलं होतं. आता त्याला एवढंच हवं होतं, की या लग्नाला आपल्यालाही कोणी बोलवावं. हवं होतं, हे तो स्वतःशी कबूल करत होता. पण तोंड उघडून ते मागणं त्याला मरणासारखं वाटत होतं. शिवाय याच यादीवरून बाकीच्यांना बोलवायला त्यालाच जायचं होतं.

दुलीचंदला गावात दोन कामं. एक हजामतीचं, ज्याच्यावर पोट चालायचं. दुसरं नेवता देण्याचं, ज्याच्यावर त्याची मान ताठ असायची. गोंदियाच्या या भागात छापील पत्रिका निघाल्या त्याला जमाना झाला. पण पत्रिका वाचून कोणी लग्नाला जात नाही. पत्रिका देवाजवळ ठेवायला असते. माणूस घरून निघतो तो नेवत्यावर, म्हणजे दारात येऊन कोणीतरी बोलावलं तर. पितळी ताटलीत हळदीने पिवळे केलेले तांदूळ घेऊन दुलीचंद एकेका उंबऱ्यासमोर उभा राहायचा, चिमूटभर तांदूळ घरच्या माणसाच्या ओंजळीत टाकायचा आणि खणखणीत आवाजात सांगायचा, की अमक्याकडे लगन आहे, चूलबंद नेवता आहे, या.

चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटायची नाही. लहानथोर, म्हातारेकोतारे, आदल्या दिवशी मुक्कामाला आलेला पाहुणा, सारे मांडवात जेवायचे. दुसरा नेवता एकट्याचा. घरातल्या एकाच माणसाचं नाव घ्यायचं आणि बाकीच्यांबद्दल गप्प बसायचं. तो द्यायचा तो ज्या घराशी भांडण आहे तिथे, नुसता लोकलाजेस्तव. एकट्याचा नेवता दारात आला की घरातले म्हातारे ओळखायचे, कुठेतरी बिनसलंय. सारी हयात नेवते देताना दुलीचंदने एकट्याचे नेवते दिले असतील दहा-बारा, आणि तेही खाली मान घालून.

बोरटोल्यात घरं किती, हे ग्रामपंचायतीला विचारावं. चुली किती, हे दुलीचंदला. एकशे बेचाळीस. तलाठ्याच्या दप्तरात दोन भाऊ एकाच सातबाऱ्यावर गुण्यागोविंदाने नांदत असायचे, पण मागच्या खोलीत दुसरी चूल मांडली गेली आहे हे दुलीचंदला तिसऱ्या दिवशी कळलेलं असायचं. कळून तो कोणाला सांगत नसे. फक्त पुढच्या लग्नाला त्या घरात चिमटी दोनदा टाकायचा, एकदा पुढच्या दारात, एकदा मागच्या. भावांच्या बायका त्याच्यावर खूश असायच्या, भाऊ ओशाळे व्हायचे.

लग्नात मात्र तो कधी पाहुणा नसे. सकाळी नवरदेवाची दाढी, मग आरसा धरणं, मग पंगतीत पाणी वाढणं आणि शेवटच्या पंगतीला आपलं पान. त्याची बायको गीताबाई चार दिवस आधीपासून लग्नघरी हळद कांडायला असायची. नेवता देणाऱ्यालाही नेवता द्यावा असं कोणाच्या मनात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याच्याही आलं नाही. काम होतं, म्हणून जाणं होतं. या खेपेला कामच नव्हतं. नवरदेव गोंदियाजवळच्या कुडव्याचा, तो पार्लरमध्ये जाणार. वाढायला हातमोजे घातलेली माणसं शहरातून येणार. दुलीचंदच्या वाटचं काम सरकारने आणि शहराने मिळून संपवलं होतं.

तसं या दोन वर्षांत त्याला पुष्कळ पाहावं लागलं होतं. पहिल्या वर्षी, ऐन लग्नसराईच्या तोंडावर सारं बंद झालं तेव्हा, नऊ लग्नांचे नेवते देऊन झालेले होते. ते परत घ्यायला त्यालाच फिरवलं. नेवता परत घेण्याची रीत कोणाला माहीत नव्हती, कारण तशी रीतच नव्हती. लोक खिडकीतून बोलत. दवनीवाड्याच्या रस्त्यावर पोरांनी बाभळीच्या फांद्या टाकून गाव बंद केलं होतं आणि नागपूरहून पायी आलेल्या गावच्याच मजुरांना शाळेत उतरवलं होतं. जो तो भ्यालेला होता, पण त्या वर्षी बोरटोल्यात कोणी दगावलं नाही.

दुसऱ्या वर्षी डेल्टा आला. ते नाव गावाला कळलं फार उशिरा. तोवर सात माणसं गेली होती, आणि त्यांत गीताबाई होती. सोमवारी ताप आला, बुधवारी तिला गोंदियाला नेलं, रविवारी ती गेली. अंत्यविधीला वीस जणांची मुभा होती. आले चार, आणि चौघंही पालिकेची पगारी माणसं. लेक खुशबू बालाघाटला दिलेली, म्हणजे दोन तासांची वाट, पण मधे राज्याची सीमा आणि सीमेवर पोलीस. तिने फोनवर पाहिलं. मयतीला नेवता लागत नसतो, ऐकलं की माणूस निघतो. गावाने ऐकलं होतं. दुलीचंदने कोणाला बोल लावला नाही, कारण त्या महिन्यात तोही कोणाच्या मयतीला गेला नव्हता. पण त्याला वाईट वाटलं होतं, फार वाटलं होतं, आणि नऊ महिने झाले तरी ते गेलं नव्हतं.

आणि आता तिसरं वर्ष. आता लोक भीत नव्हते, कंटाळले होते. बुधवारी सकाळी नेवता द्यायला निघण्याआधी दुलीचंद तिलकच्या चहाटपरीवर थांबला, तेव्हा तिथे हेच चाललं होतं. टपरीवर सहा माणसं होती आणि सहाही मास्क हनुवटीवर.

"आता कोनता आला म्हनते गा?" एकाने विचारलं.

"ओमिक्रॉन," तिलक चहा गाळता गाळता म्हणाला.

"ट्रॅक्टरचं नाव वाटते."

"यानं मानूस मरत नाही म्हनते. नुसती सर्दी होते."

"मंग पन्नासच मानसं कायले?"

"मले काऊन विचारतेस? मी का कलेक्टर हाय?" तिलक म्हणाला. "दुलीभाऊले विचार. त्याच्या दुकानालेबी हुकूम आला, का अर्धेच गिऱ्हाईक घ्या म्हनून. याची खुर्चीच एक. आता अर्ध्या खुर्चीवर दाढी कशी करते ते पाहाले मी जाऊन राहिलो."

सगळे हसले, दुलीचंदही हसला. मग कोणीतरी ताटलीतल्या तांदळांकडे पाहिलं. त्या सहांपैकी एकाचंही नाव यादीत नव्हतं आणि ते सहाही जणांना ठाऊक होतं. तिलकने चहाचा ग्लास त्याच्या हातात दिला आणि उगाच स्टोव्हला पंप मारत बसला. दुलीचंदने चहा गरम असतानाच संपवला.

पहिलं घर रुख्माबाईचं. ऐंशीच्या घरातली म्हातारी, श्यामलालची लांबची आत्या. घरात नऊ माणसं. यादीत एकटी ती. ती अंगणात उन्हाला पाय पसरून बसली होती. मागे सून धान पाखडत होती, नातवंडं लाखोरीच्या कोवळ्या शेंगा सोलून खात होती. दुलीचंद उंबऱ्यासमोर उभा राहिला आणि जन्मभराच्या सवयीने चूलबंद हा शब्द त्याच्या तोंडाशी आला. तो त्याने गिळला.

"माय, श्यामलालभाऊकडं दिव्याचं लगन हाय. तुमचा नेवता हाय."

"माहा? एकटीचा?"

"हो माय. सरकारचा हुकूम हाय."

म्हातारीने ओंजळीतल्या तांदळांकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "सुनेच्या माहेरून एकदा एकट्याचा नेवता आला होता. त मी तांदूर कोंबड्याले टाकले होते."

सुनेचं पाखडणं थांबलं.

"या खेपेले नाही टाकत," म्हातारी म्हणाली. "रोगापायी होऊन राहिलं, श्यामलालापायी नाही. पन मी एकटी जाऊन काय करू बाप्पा? माहा हात धरून नेईन कोन? बरं, तू त असशीलच ना तेथं. तूच ने मले."

"पाहू माय," दुलीचंद म्हणाला.

पुढच्या प्रत्येक दारात हेच. कोणी चिडलं, कोणी हसलं, एकाने तर यादीच मागितली आणि तिच्यात आपल्या थोरल्या भावाचं नाव नाही हे पाहून स्वतःही येणार नाही असं जाहीर केलं. एका मास्तरीणबाईंनी सरकारचं बरोबर आहे असं सांगून दहा मिनिटं समजावलं आणि तो निघताना, आपल्या दोन्ही पोरींना मागच्या बाजूने घेता येईल का, असं हळूच विचारलं. पण शेवटी सगळे तेच म्हणाले, तू त असशीलच. आणि प्रत्येक वेळी तो पाहू म्हणाला.

खरा त्रास त्या चौदा घरांचा नव्हताच. त्रास होता मधल्या घरांचा. पिवळे तांदूळ घेऊन दुलीचंद दारावरून पुढे निघून गेला, असं बोरटोल्यात कधी झालं नव्हतं. आता होत होतं. काही बायकांनी त्याला येताना पाहिलं आणि त्याला जड जाऊ नये म्हणून आपण होऊन आत गेल्या. हा समजूतदारपणा त्याला शिव्यांपेक्षा जास्त लागला. त्याने ताटलीवर गमछा टाकला आणि सायकल हातात धरून चालू लागला.

गावाच्या टोकाला, जंगलाकडे जाणाऱ्या वाटेवर, नंदलाल मडावीचं घर. जंगलखात्यात रोजंदारीवर काम करणारा माणूस, कमी बोलणारा. तिकडे यादीतलं कोणी राहत नव्हतं, तरी सवयीने दुलीचंदचे पाय तिकडे वळले आणि कुंपणाशी येऊन तो अडखळला. नंदलाल कुंपणाच्या काटक्या बांधत होता.

"ये," नंदलाल म्हणाला. "तांदूर नाही त नाही. बस त खरं."

दुलीचंद बसला. नंदलालच्या बायकोने, सुखवंताने, पाणी आणून दिलं.

"राग आला का गा?" दुलीचंदने विचारलं.

"कोनाचा? रोगाचा का श्यामलालचा?" नंदलालने सुतळीची गाठ दाताने ओढली. मग काटक्यांकडेच पाहत बोलला, "तुले एक सांगाचं होतं. नऊ महिने झाले, सांगनं होत नाही. गीताबाई गेली त्या दिशी मी निंगालो होतो. सायकल घेतली, फाट्यापावतर आलो. अन भेवलो. घरी लेकरं होते. फाट्यावर घंटाभर बसलो अन वापस आलो."

दुलीचंदने वर पाहिलं.

"आलो नाही म्हनून सांगून राहिलो," नंदलाल म्हणाला. "निंगालो होतो म्हनून नाही."

दुलीचंदने पाण्याचा लोटा खाली ठेवला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्याने गमछ्याने पुसलं, आणि पुसताना त्याला नवल वाटलं, की हे पाणी दुःखाचं नाही. माणूस आला नव्हता. तरी कोणी एक जण घरून निघाला होता आणि फाट्यावर तासभर बसला होता. नऊ महिने हे आपल्याला माहीत नव्हतं आणि आता माहीत झालं, एवढ्यानेच छातीवरचं काहीतरी हललं होतं. तो उठला तेव्हा नंदलालच्या खांद्यावर हात ठेवून उठला.

दिवस कलताना तो श्यामलालच्या ओसरीवर पोचला. श्यामलाल रहांगडाले बारा एकर धानाचा मालक, आवाजाने मोठा, मनाने वाईट नव्हे. ही यादी त्याने पाच वेळा लिहिली आणि पाच वेळा फाडली होती. दोन चुलतभाऊ त्यावरून त्याच्याशी बोलेनासे झाले होते. त्याची बायको सुलोचनाबाई समोर सूप घेऊन तांदूळ निवडत होती. फोन ठेवून श्यामलालने विचारलं, "झालं?"

"झालं भाऊ."

"कोनी राहिलं त नाही?"

हा रिवाजाचा प्रश्न. नेवता फिरवून आलं की घरधन्याने तो विचारायचा आणि नेवतेकऱ्याने उत्तर द्यायचं, कोणी नाही राहिलं. मग एक विडा हातात यायचा आणि काम संपायचं. दुलीचंदने हे उत्तर इतक्या वेळा दिलं होतं की ते द्यायला त्याला विचार करावा लागत नसे. आज तो थांबला.

"राहिलं," तो म्हणाला.

"कोन?" श्यामलालने यादीसाठी हात पुढे केला. "चौदा होते ना?"

"चौदाबी झाले. मी राहिलो."

श्यामलाल आधी हसला. "तुले कोन नेवता देईन गा? तू त घरचा मानूस."

"घरच्याचे सहा नावं वरतंच हायत, भाऊ. मी तीनदा वाचले."

श्यामलालचं हसू ओसरलं. त्याने यादी उघडली, जणू तिथे काहीतरी बदललं असेल. मग त्याचा आवाज चढला, पण राग दुलीचंदवर नव्हता. "आता काय करू मी? सांग! पोलीस पाटील मांडवाच्या दारात उभा राहून मोजनार हाय. एकावन्न झाले त दंड, वरून पोरीच्या लगनात तमाशा. कोनाचं नाव कापू? मामाचं कापू का जावयाचं?"

"कोनाचंच नका कापू. मी येतो असं नाही म्हनत," दुलीचंद म्हणाला. "पन्नासाचे एकावन्न नका करू. मी घरीच राहतो. पन मले बलवा त खरं. दिव्याचं लगन हाय, या, असं कोनी तरी सांगा मले."

"येत नाहीस त नेवता कायले पाह्यजे तुले?"

"नंदलाल गीताच्या मयतीले निंगाला होता. अर्ध्यातून वापस गेला. आज सांगतलं त्यानं मले." दुलीचंदने ताटली खाली ठेवली. "आला नाही तो. पन सांगतलं त बरं वाटलं. येनं वेगळं, अन आपल्यात मोजनं वेगळं. सव्वाशे घरावरून आज मी तांदूर झाकून आलो, भाऊ. ते घरं का लगनात जागा मागून राहिले? त्यायले हुकूम समजते. पन त्यायच्या दारात कोनी उभंच नाही राहिलं."

सुलोचनाबाईचे हात सुपात थांबले होते. श्यामलाल यादीकडे पाहत राहिला. गीताबाई गेली तेव्हा तो निघालाही नव्हता. हे त्याला आठवलं, ते दुलीचंदला त्याच्या तोंडावरून दिसलं. आणखी बोलावं असं दुलीचंदला वाटेना. विड्यासाठी तो थांबला नाही. सायकल घेऊन घरी आला, आणि वाटेत त्याला स्वतःचीच लाज वाटली, की साठी उलटल्यावर आपण जेवणासाठी रुसलेल्या पोरासारखं वागलो. आता लग्नघरात शुभकार्याच्या तोंडावर आपल्यामुळे अढी पडली, असंही त्याला वाटलं.

सकाळी तो दारासमोर दातण करत होता. गारठा होता, बांधांवर धुकं होतं. धुक्यातून श्यामलाल येताना दिसला, पायी. श्यामलाल गावात कधी पायी फिरत नसे. घरापासून दुकानापर्यंतही त्याला मोटारसायकल लागे. अंगात पांढरा सदरा होता, डोक्याला टोपी होती, आणि दोन्ही हातांत पितळी परात. परातीत पिवळे तांदूळ होते, चिमटीचिमटीने सारं गाव फिरून यावं एवढे. परात जड असल्याने तो जरा तिरका चालत होता.

दुलीचंदने घाईने चूळ भरली आणि पुढे जाऊन परात धरायला हात केले.

"तू आत जाय," श्यामलाल म्हणाला. "मी येथं उभा राहतो. सुरुवात तुह्यापासून हाय. मंग नंदलाल, मंग बाकीचे."

दुलीचंद उंबरा ओलांडून आत गेला आणि वळून उभा राहिला. आपलं दार त्याने आतून असं कधी पाहिलं नव्हतं, की बाहेर तांदूळ घेऊन माणूस उभा आहे. श्यामलाल घसा खाकरून ताठ झाला. गावातल्या मोठ्या शेतकऱ्याला चार शब्द बोलायला एवढी अडचण होताना दुलीचंद पहिल्यांदा पाहत होता.

"दुलीचंदभाऊ, आमच्या दिव्याचं लगन हाय. येत्या रविवारी. चूलबंद नेवता हाय. तुमी सगळे या." एवढं बोलून तो अडला आणि मग जमिनीकडे पाहून म्हणाला, "अन हुकूम हाय, म्हून येऊ नका. राग मानू नका."

त्याने तांदळाची चिमटी उचलली. दुलीचंदने ओंजळ पुढे केली. नेवता आला की घरधनी काय करतो, हे त्याने हजारो उंबऱ्यांवर पाहिलं होतं. तांदूळ ओंजळीत घेतो, आत वळतो आणि घरच्या बाईला हाक मारून सांगतो. रीतच आहे ती. बाईने ऐकल्याशिवाय नेवता पोचला असं धरत नाहीत. दुलीचंदच्या हातात पिवळे तांदूळ पडले, आणि तो आत वळला.

"आयकलं का व, गीता," तो म्हणाला. "श्यामलालभाऊकडचा नेवता आला. चूलबंद हाय."

घरात कोणी नव्हतं. श्यामलालने परात खाली ठेवली आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.